चर्चा: कॉलेजच्या मंडळाने एमयूएन बंद करून कांदा हातात घ्यावा का?

पाटीपेन्सिल
कॉलेजात 'जागतिक प्रश्नांचं मंडळ' म्हटलं की मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे एमयूएन, हे ठरूनच गेलंय. आधी प्रायोजक शोधा, मग ब्लेझर, मग दोन दिवस संयुक्त राष्ट्रांची नक्कल आणि शेवटी 'बेस्ट डेलिगेट'चा चषक. बरं, नक्कल तरी धड असावी! खऱ्या आमसभेत 'मॉडरेटेड कॉकस' (ठरावीक वेळात प्रत्येकी ठरावीक सेकंदांची भाषणं) हा प्रकारच नाही. खरी घासाघीस बंद दाराआडच्या अनौपचारिक बैठकांत होते आणि बरेचसे ठराव मतदान न होता सहमतीने मंजूर होतात. आपल्याकडे समोरच्या ब्लॉकचा, म्हणजे देशांच्या गटाचा, ठराव पाडला की पराक्रम. त्यात आमसभेच्या समितीत बसून मुलं 'निर्बंध लादण्याचा निर्णय घेते' असं कलम लिहितात. आमसभा शिफारस करते. बंधनकारक निर्बंध सुरक्षा परिषद लावते, सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली.

माझा प्रस्ताव: वर्षभर एकच प्रश्न धरा. नाशिक-पुण्याकडच्या कॉलेजांसाठी कांद्याइतका जागतिक प्रश्न दुसरा कुठला? ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी लागली. ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या कलम ११ प्रमाणे निर्यातीवर बंदी नको, पण त्याच कलमाच्या २(अ)मध्ये अन्नाची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी चालते. टंचाई 'गंभीर' कधी आणि 'तात्पुरती' म्हणजे किती महिने, यावर मुलांनी भांडावं.

शेवटचा बाक
नक्कल कच्ची होते ती ईबी, म्हणजे समिती चालवणारं एक्झिक्युटिव्ह बोर्ड, कच्चं असतं म्हणून. मॉड (मॉडरेटेड कॉकस) हे शिकवण्याचं साधन आहे, ते न्यूयॉर्कमध्ये नाही म्हणून काय बिघडलं? बिघडतं ते वेळेच्या गणितात. ४० डेलिगेट असताना ईबी १५ मिनिटांचा मॉड देतं, प्रत्येकी ६० सेकंद. म्हणजे १५ जण बोलले, २५ जण एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत बसले. तेच २० मिनिटं आणि प्रत्येकी ४५ सेकंद केले की २६ जणांची पाळी येते. दर मॉडला आधी न बोललेल्यांना प्राधान्य, एवढा एक नियम लावला तरी चषकवाले आपोआप थंडावतात. आणि घरून लिहून आणलेले ठराव नको असतील तर विषयाचा एक पोटमुद्दा पहिल्या दिवशी दुपारीच जाहीर करा.

चाळीतला कांदा
कांद्याचा प्रस्ताव चांगला, पण करणार कसा ते सांगतो, नाहीतर पोस्टर प्रदर्शनावर भागवाल. अ‍ॅगमार्कनेटवर, म्हणजे सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर, बाजार समितीनिहाय रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव मिळतो. लासलगाव आणि पिंपळगाव पुरेत. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचना तारखेवार लावा आणि आलेखावर उभ्या रेघा मारा. इथवर कुणीही करेल. चूक पुढे होते: डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा, एप्रिल-मेमध्ये उन्हाळ. लाल टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) चार-पाच महिने राहतो. या दोघांचे भाव एकाच रेषेत जोडून 'बंदीमुळे एवढा फरक पडला' म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक. डिसेंबर २०२३ ची तुलना आधीच्या वर्षांच्या डिसेंबरशीच करा, आवकही शेजारी ठेवा.

शेवटचा बाक
हे सगळं अर्थशास्त्र विभागाच्या प्रकल्पासारखं झालं. यात जग कुठे आहे? नाशिकच्या मुलाला कांदा उत्पादकाची बाजू घेताना काहीच कष्ट पडत नाहीत. एमयूएनमध्ये त्याच्या वाट्याला बांगलादेश येतो आणि भारताने अचानक बंदी घातल्यावर ढाक्यात भाव का भडकतो, हे त्याला मांडावं लागतं. २ मार्च २०२२ चा युक्रेनवरचा ठराव घ्या: १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. भारत तटस्थ. तुम्हाला पटो न पटो, त्या तटस्थतेचा बचाव ९० सेकंदांत करायचा. ही कसरत भावाच्या आलेखातून येत नाही.

पाटीपेन्सिल
बांगलादेश मलाही हवाच आहे, पण जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी समितीच्या नकलेत. त्या संघटनेच्या कृषी कराराच्या कलम १२ प्रमाणे बंदी घालणाऱ्याने आयातदारांच्या अन्नसुरक्षेचा विचार करायचा असतो आणि शक्य तितक्या आधी लेखी कळवायचं असतं. (विकसनशील देशाला यातून सूट आहे, तो त्या अन्नाचा निव्वळ निर्यातदार नसेल तर. कांद्यात आपण निर्यातदार. इथे भारताची बाजू घेणाऱ्याला घाम फुटतो.) बारा जण पुरतात: भारत, बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दोन-तीन इतर निर्यातदार, बाकी प्रश्न विचारणारे. मतदान नाही, सहमती होईपर्यंत मसुदा फिरतो. कॉलेजच्या वर्गात होतं, ब्लेझर लागत नाही.

मराठीतूनच
आणि हे मराठीत का नको? आमसभेच्या नियमांतही सहा अधिकृत भाषांपलीकडच्या भाषेत बोलता येतं, दुभाष्याची सोय आपली आपण करायची. १९७७ मध्ये वाजपेयी तिथे हिंदीत बोलले. ग्रामीण कॉलेजांत इंग्रजीमुळे चार-पाच पोरंच बोलतात, बाकीची टाळ्यांना.

शेवटचा बाक
भाषण मराठीत करा, हरकत नाही. मसुदा मात्र इंग्रजीतच ठेवा. गॅटचं कलम मूळ शब्दांत वाचल्याशिवाय त्यातली पळवाट दिसत नाही, आणि आंतरमहाविद्यालयीन फेरीत समोरचा संघ मुंबईचा असला की तिथे इंग्रजीच चालतं.

चाळीतला कांदा
आधी फेरीला जायचंच का ते ठरवा. बारा जणांच्या समितीला चषक कशाला लागतो?