हत्तीरोगवाल्या मामांच्या आठवणी हव्यात; पवनी-लाखांदूरकडचे कोणी आहेत का?

धानपट्टा:
नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातला. मामा हत्तीरोग पथकात आरोग्य कर्मचारी होते. माझे ते सख्खे मामा, पण वैनगंगेच्या या काठाला त्यांना सगळेच मामा म्हणत. बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेत, म्हणून काही गावांत तर 'काचपट्टीवाले मामा'. मागच्या वर्षी धानाची रोवणी चालू असताना गेले.

आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. गावात ठरतंय की मंडप टाकायचा, फोटोला हार घालायचा आणि पुढाऱ्यांची भाषणं ठेवायची. मामीनं सांगून टाकलं, "भाषणं ठेवसाल तं मी घरीच बसतो. त्यायले स्वतःले भाषणात झोप लागे." खोटं नाही. एका सत्कारात ते मंचावरच घोरले होते. जाग आल्यावर माईक घेऊन म्हणाले, "माफ करा जी, आपली ड्युटी रात्रीची आहे."

घरचे किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत. ताईच्या लग्नात वरात यायला रात्रीचे दहा वाजले. सगळे वैतागलेले, मामा मात्र खूश. रक्त घ्यायच्या सामानाची लाकडी पेटी काढून मांडवाच्या दारातच बसले. "वरपक्षाचं रक्त तपासतो, मगच पोरगी देतो." नवरदेवापासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांची बोटं टोचली. त्यातल्या एका पाहुण्याच्या पट्टीत जंतू निघाले. मामा त्याच्या गावी जाऊन बारा दिवसांच्या गोळ्या देऊन आले आणि घरात कोणाला एक अक्षर बोलले नाहीत. आम्हाला कळलं ते मामांच्या तेरवीला, त्या पाहुण्यानंच सांगितलं तेव्हा.

पण कामावरचे मामा आम्ही पाहिलेच नाहीत. ते निघायचे तेव्हा आम्ही अंथरुणात. कोणी सोबत काम केलं असेल तर लिहा. भाषणांऐवजी काय ठेवावं तेही सुचवा.

नाशिककर:
किस्सा वाचून हसलो, पण एक कळलं नाही. रक्त रात्रीच का घ्यायचं?

लॅबवाला_भंडारा:
@नाशिककर, या रोगाचे बारीक जंतू दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात उतरतात. त्यांना पुढं नेणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. दुपारी बोट टोचलं तर अंगात जंतू असूनही पट्टी कोरी निघायची. म्हणून साडेआठनंतर, पार मध्यरात्रीपर्यंत घरोघर फिरायचं.

आता विचार करा. माणूस दिवसभर चिखलात वाकून आलेला, जेवून आडवा झालेला. दारात कुत्रं. अशा वेळी कडी वाजवून म्हणायचं, बोट द्या. आम्ही बाकीचे शिव्या खायचो. मामा अंगणातूनच हाक घालत, "उठा जी, जावई आला!" आतली बाई पदर सावरत, कंदील वर करत धावत यायची आणि पाहते तर हे! "मेला पट्टीवाला" म्हणत ती हसली की डाव्या हाताचं बोट पुढं आलंच समजा.

एका गावचे पाटील बोट द्यायला तयारच नव्हते. "माह्या अंगात किडे? मले?" मामांनी महिनाभर त्यांच्या ओसरीवर चहा पिऊन त्यांना रात्र चिकित्सालयात, म्हणजे रात्री रक्त तपासायच्या दवाखान्यात आणलं. एरवी आम्ही पट्टी वाळवून, पाण्यानं लाली काढून, रंगवून पाहतो. मामांनी हट्ट धरला की ओला थेंबच लाव. ओल्या रक्तात जंतू जिवंत वळवळताना दिसतो. पाटील सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हे माह्यावालं आहे?" मामा म्हणाले, "नाही जी, भाड्यानं राह्यते. बारा दिवस गोळ्या घ्या, घर खाली करून देतो."

पुढं त्या गावात कोणाचंही दार वाजवावं लागलं नाही. पाटीलच काठी घेऊन लोकांना उठवत फिरायचे.

निवृत्त_सिस्टर:
मी त्याच भागात उपकेंद्रावर होते. मामा माझ्याहून लहान, मी त्याला अरे-तुरेच करायची. सगळे गोड लिहिणार, म्हणून मी दुसरी बाजू लिहिते. त्याचं रजिस्टर कधीच पूर्ण नसायचं. मासिक सभेच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवायचा, सोबत चिवड्याचा पुडा. साहेबांच्या खुर्चीला 'येथे डासोत्पत्ती होते' अशी चिठ्ठीही त्यानंच लावली होती. बोलणी मी खाल्ली.

पण २००४ मध्ये वर्षातून एकदा सगळ्यांना हत्तीरोगाचे जंतू मारणाऱ्या डीईसी गोळ्या द्यायची मोहीम सुरू झाली, तेव्हाचं सांगते. दोन वर्षांखालची लेकरं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी जेवल्यावर गोळ्या घ्यायच्या, त्याही आमच्यासमोर गिळायच्या. हातात दिल्या तर उकिरड्यावर जात. एका गावी संध्याकाळी काही जणांना ताप आला, उलट्या झाल्या. अंगातले जंतू मरतात तेव्हा असं होतं, बहुतेक वेळा दोनेक दिवसांत ओसरतं. पण लोक ते कशाला ऐकतात? चावडीसमोर गर्दी जमली. मी घाबरले, म्हटलं गाडी काढा. हा उलटा गर्दीत जाऊन बसला. "ज्याले ताप आला त्याच्या अंगात जंतू होता, आज तो मेला. त्यानं पेढे वाटाले पायजे!" रात्रभर तिथंच राहिला, आजाऱ्यांच्या खाटांजवळ पत्ते खेळत. सकाळी ताप उतरले, तेव्हाच गाव सोडलं.

अजून एक. या रोगानं अंडवृद्धी झालेल्या माणसाची त्यानं कधी थट्टा केली नाही. पुरुष हे वर्षानुवर्षं लपवतात, मांडवात बसत नाहीत, सायकल सोडून देतात. असा कोणी दिसला की हा जगाशी चेष्टा करणारा माणूस आवाज खाली आणायचा. बाजाराच्या दिवशी त्याला बाजूला चहाला न्यायचा, ऑपरेशनला स्वतः सोबत जायचा आणि घरच्यांना 'हर्नियाचं आहे' म्हणून सांगायचा. नावं मला माहीत आहेत. लिहिणार नाही.

नदीकाठचा:
माह्या आजीचा पाय हत्तीसारखा सुजला होता. लोकं तिले लग्नात बलावत नव्हते. मामा आले, टब-मग-टॉवेल-साबन घेऊन, अन् अंगनात पाय धुवाले बसले. आजी लाजून पाय मांगं ओढे. मामा म्हनत, "सासूबाई, पाय धुतल्याबिगर जावई जेवत नाही." बोटाच्या मधात हळूच पुसून कोरडं करे, कुठं चीर पडली का पाहे, मलम लावे. निजताना पायाखाली उशी ठेवाले सांगे. एक दिवस टॉवेल तिच्याच हातात देल्ला अन् म्हने, आता तुमी करा, मी पाह्यतो.

पाय काही पहिल्यावानी झाला नाही, खोटं काहून सांगू. पन घडीघडी थंडी वाजून ताप येत होता, तो कमी झाला. आजी अखेरपर्यंत रोज सकाळी पाय धुवे अन् 'जावई मेला आला नाही अजून' म्हने.

खडीगंमतवाला:
दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथं मामा आमच्या खडीगंमतीत, म्हणजे रातभर चालणाऱ्या लोकनाट्यात उभे राहायचे. पाहुणे गावोगावचे, सगळे रातभर जागे, म्हणजे त्यांना पर्वणीच! मंचामागं पेटी मांडून ठेवलेली. एक प्रवेश त्यांचाच, मच्छरबाईचा. लुगडं, अंबाडा आणि खाली मिशी तशीच.

"मी क्युलेक्सबाई गटाराची रानी,
तुमच्या दारी मले मिळे सडलं पानी!"

शाहीर विचारी, बाई तुमचे यजमान कुठं? मच्छरबाई म्हणे, "ते गरीब आहे जी, फुलाचा रस पेते. रगत पेनं बाईच्याच नशिबी!" बायामाणसं पोट धरून हसत. डासाची मादीच तेवढी चावते, हे आमच्याकडच्या पोरांना शाळेच्या आधी मंडईत कळलं. मग लोट्यातले, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे दाखवून म्हणे, "हे माहे वैरी, यायले टाक्यात सोडू नका, तुमच्या पाया पडतो." दुसऱ्या दिवशी लोक मासे मागायला हजर.

धानपट्टा:
सिस्टर, रजिस्टरचं मामीला वाचून दाखवलं. म्हणाली, घरचं किराण्याचं वहीखातंही तसंच होतं.

ठरलं मग. वर्षश्राद्ध घरच्या घरी करू, मंडप रद्द. मंडईत त्यांचा प्रवेश ठेवू. मागं पेटीही मांडता येईल का?

लॅबवाला_भंडारा:
पेटी अशी खासगीत मांडता येत नाही. ग्रामपंचायतीचं पत्र हत्तीरोग कार्यालयात आत्ताच द्या, पथकाचा दौरा आधी ठरतो. पथक आलं तर मी मदतीला येतो.

खडीगंमतवाला:
डफ, तुणतुणं, शाहीर आमचे. मच्छरबाईला माणूस शोधा. उंच नको, मामांचं लुगडं पुरलं पाहिजे.

धानपट्टा:
मी उभा राहतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही.