मदत हवी आहे : माण तालुक्यातील मुरमाड गायरानाचे मृदा वर्गीकरण

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, बेसाल्टच्या माळावरील आमच्या गायरानात आम्ही एक खड्डा खणला असून त्या मातीचे अमेरिकी ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ पद्धतीनुसार वर्गीकरण ठरवण्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. वर 18 सेंटिमीटरपर्यंत तपकिरी, खडेमिश्रित पोयटा आहे. त्याखाली 42 सेंटिमीटरपर्यंत किंचित तांबूस, ढेकळांची रचना स्पष्ट दिसणारा थर आहे, आणि पुढे कुदळीने सहज निघणारा मऊ मुरूम लागतो. कुसळी आणि पवन्या या गवतांची मुळे तिथेच थबकतात.

मुरूम कुदळीने निघत असल्याने हा पॅरालिथिक संपर्क (मातीखाली खणता येण्याजोगा मऊ खडक) मानून ‘लिथिक’ (उथळ खोलीवर कठीण खडक असलेला) उपगट वगळला आहे. हे बरोबर आहे ना? मधल्या थराला कॅम्बिक (रंग वा रचनेत थोडा बदल झालेला, मातीत घडलेला थर) मानले तर माती हॅप्लुस्टेप्ट (थोडी विकसित माती) ठरते, अन्यथा उस्टॉर्थेंट (जवळपास अविकसित माती). माझा कल पहिल्याकडे आहे.

खरी अडचण खड्यांची आहे. 25 ते 42 सेंटिमीटरच्या भागात 2 मिलिमीटरपेक्षा मोठे खडे वजनाने 48 टक्के भरले, परंतु ‘लोमी-स्केलेटल’ (खडेबहुल पोयटा) वर्गासाठी 35 टक्क्यांची अट आकारमानाची आहे. बारीक मातीची घनता 1.4 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली आणि खड्यांची 2.65 धरली, तर उत्तर सुमारे 33 टक्के येते. पण आमचे खडे झिजलेले, सच्छिद्र आहेत आणि त्यांची घनता 2.4 धरताच आकडा 35 वर पोहोचतो. अशा खड्यांचे आकारमान शेतावरच विश्वासार्हपणे कसे मोजावे? पाण्यात बुडवून मोजताना छिद्रांत शिरणाऱ्या पाण्याचे काय करावे? गायरानात किती ओल टिकेल आणि किती जनावरे चरू द्यावीत हे यावर ठरणार असल्याने आम्हाला अंदाजावर थांबायचे नाही.