सतत वाचून शिकणाऱ्या संगणकाच्या चुकांना आवर कोण घालतो?

जिज्ञासू_वाचक: कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'नेल' या प्रणालीविषयी सध्या वाचत आहे. ती रात्रंदिवस वेबवरील मजकूर वाचून तथ्ये वेचत असे आणि वेचलेल्या तथ्यांच्याच आधारे पुढचे वाचन करत असे. शिकलेलेच जर पुढे शिकण्याचे साधन होणार असेल, तर सुरुवातीची एखादी चूक चक्रवाढ व्याजासारखी फुगत जाणार नाही का?

शब्दजाल: फुगतेच, आणि तशी ती फुगलीही. ब्राउझरमधील 'कुकी' (संकेतस्थळे आपल्या संगणकावर ठेवतात ती छोटी नोंद) ही नेलने भाजलेल्या खाद्यपदार्थांत टाकली. पुढे लोक कुकी 'डिलीट' करतात तशाच फाइलीही करतात हे पाहून संगणकातील फाइलींनाही तिने त्याच पंगतीत बसवले. गंमत म्हणजे यातील प्रत्येक पायरी तर्काला धरूनच आहे. सुरुवातीच्या ६७ दिवसांत तिने सुमारे २,४२,००० तथ्ये जमवली होती आणि त्यांची अंदाजे अचूकता ७४ टक्के होती, म्हणजे साधारण चारातले एक चुकीचे.

अर्धविराम: चुका रोखण्यासाठी तिच्या रचनेतच एक युक्ती होती. शहर, व्यक्ती, संघ अशा प्रत्येक वर्गासाठी दहा-पंधरा उदाहरणे हाती देऊन तिला सोडले होते, मात्र शेकडो वर्ग आणि संबंध एकाच वेळी शिकवले जात होते आणि ते एकमेकांना बांधलेले होते. जे शहर आहे ते व्यक्ती असू शकत नाही. अमुक खेळाडू तमुक संघाकडून खेळतो असे मानायचे, तर पहिला शब्द व्यक्तीच्या आणि दुसरा संघाच्या वर्गात बसलाच पाहिजे. शिवाय वाक्यांची धाटणी, पानावरील याद्या आणि शब्दाची घडण यांवरून वेगवेगळे घटक स्वतंत्रपणे कौल देत. एवढे करूनही माणसाची गरज संपली नाही: पहिले काही महिने जवळजवळ देखरेखीविना गेल्यावर संशोधकांना ढोबळ चुका अधूनमधून हाताने काढाव्या लागल्या.

जिज्ञासू_वाचक: म्हणजे मराठीत 'मान' हा शब्द अवयवांच्या यादीत गेला, की 'मान मिळाला' यावरून 'पुरस्कार'ही अवयव ठरणार!

अर्धविराम: अगदी तसेच. मात्र आपली क्रियापदे इथे मदतीला येतात: 'मान दुखली' आणि 'मान मिळाला' यांतील लिंगभेद यंत्राने टिपला, तर दोन शब्द वेगळे असल्याचा सुगावा त्याला अर्थ न कळताही लागेल.

शब्दजाल: आजच्या भाषा-मॉडेलांची अडचण निराळी आहे. नेलमधील चुकीची नोंद शोधून खोडता येत असे. ही मॉडेले ज्यांवर उभी आहेत त्या न्यूरल नेटवर्कमध्ये ज्ञान असंख्य आकड्यांत विखुरलेले असते, त्यामुळे नवे शिकवताना जुने पुसले जाते. मॅक्लॉस्की आणि कोहेन या संशोधकांनी १९८९ मध्येच हे दाखवले होते. म्हणून अनेकदा मॉडेल आहे तसे ठेवून उत्तर देतानाच ताजा मजकूर त्याच्यासमोर ठेवतात. याला सतत शिकणे म्हणावे का, याबद्दल मी साशंक आहे; वही उघडी ठेवून परीक्षा देण्यासारखेच ते मला वाटते.