एपिजेनेटिक्सला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

धरमपेठकर:
त्वचेच्या कॅन्सरवर शेतमजूर बायांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहून राहिलो, एपिजेनेटिक्सपाशी, म्हणजे जनुक तसंच ठेवून त्यावर बसणाऱ्या रासायनिक खुणांपाशी, येऊन अडलो. कुठं 'अधिजनुकीय' दिसतं, कुठं 'जनुकबाह्य', तर काही जण सरळ 'आनुवंशिक बदल' लिहून मोकळे होतात. कोणता बरोबर? कारण 'जनुक' म्हटलं की बाई म्हणते, आमच्या खानदानात कोणालेच नाही, मंग मले कायले होईन?

संत्रानगरी:
'आनुवंशिक' बिलकुल नको, त्या बाईचा गैरसमज तिथूनच पक्का होतो. 'जनुकबाह्य'ही पटत नाही, कारण ही खूण बाहेर कुठं नसते, डीएनएवर नाहीतर तो ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर बसते, जसं डीएनएतल्या सायटोसिन नावाच्या घटकाला मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा अणुगट) चिकटतो. ग्रीक 'एपि' म्हणजे वर आणि आपला 'अधि'ही तोच, अधिभारातला. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ वॅडिंग्टननं १९४२ मध्ये हा शब्द काढला तेव्हा डीएनएची रचनाही उलगडली नव्हती, म्हणून जुना अर्थ आणि आजचा अर्थ थोडा वेगळा आहे. माझं मत 'अधिजनुकीय'ला.
समजवायचं असेल तर असं सांगा, डीएनएतले घटक म्हणजे अक्षरं, अक्षरच बदललं तर ते उत्परिवर्तन, अक्षर तेच ठेवून वर मात्रा चढली तर ते अधिजनुकीय.

उमरेड रोड:
मग उन्हानं झालेलं सगळं अधिजनुकीय लिहायचं का?

संत्रानगरी:
नाही नं. उन्हातली अतिनील किरणं दोन्ही करतात. अक्षरं बदलवतात, सायटोसिनच्या जागी थायमिन हे दुसरं अक्षर येतं, हे उत्परिवर्तन, आणि हे मोठं कारण आहे, ते पत्रकात गाळू नका. दुसरीकडं खुणाही विस्कटतात, म्हणजे पी१६ नावाचं प्रथिन पेशीच्या वाढीला ब्रेक लावतं, त्याच्या जनुकावर मिथाइल गच्च बसलं की ते जनुक गप होतं, मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कॅन्सरात हे सापडलंय.
आणि 'ऊन' शब्दही सांभाळून वापरा. आपल्याकडं ऊन म्हणजे झळ, नवतपा, म्हणून दुपट्टा मे महिन्यात घट्ट बांधतात अन् डिसेंबरात कापूस वेचताना तोंड उघडं. अतिनील किरणं गरम लागत नाहीत, थंडीतल्या दुपारीही असतातच.

उमरेड रोड:
पाण्यातल्या आर्सेनिकचंही टाका. आपल्या शेजारी छत्तीसगडात अंबागड चौकीकडं बोअरच्या पाण्यात सापडलं होतं. शरीर ते बाहेर टाकायला त्यालाच मिथाइल जोडतं, त्यात साठा खर्ची पडतो आणि डीएनएवरच्या खुणांना तुटवडा पडतो असं मानतात. तळहात-तळपायाला कडक गाठी येतात, पुढं त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. इथं खानदानाचा काय संबंध, सगळं गाव एकच पाणी पिते.

संत्रानगरी:
हे उदाहरण पहिलं द्या, बायांना लगेच कळेल. सिगारेटचंही चांगलं आहे, सोडल्यावर रक्तातल्या काही खुणा हळूहळू मागं फिरतात. उत्परिवर्तन असं पुसलं जात नाही, म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरूच नका.

धरमपेठकर:
मग असं लिहितो: "घरात कोणाला नसला तरी हा आजार होऊ शकतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी जनुकांची अक्षरंच बदलतात, ते उत्परिवर्तन. शिवाय ही किरणं, पाण्यातलं आर्सेनिक, तंबाखू यांच्यामुळं जनुकांवरच्या खुणाही बदलतात, त्यांना अधिजनुकीय बदल म्हणतात." चालेल?

संत्रानगरी:
चालेल. खाली एवढं जोडा की आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनोमा बरेचदा तळपायावर नाहीतर नखाखाली येतो, तिथं उन्हाचा हात कमी असतो, म्हणून काळा डाग वाढताना दिसला तर चामखीळ समजून ब्लेडनं कापू नका, स्किनच्या डॉक्टरला दाखवा.