व्यसनमुक्तीवाल्या ताई आणि आमदारकी

व्यसनमुक्तीचे वर्ग घेणाऱ्या आमच्या ताई अपक्ष म्हणून विधानसभेला उभ्या राहतायत, तर कुणी म्हणतं, अशा बाईने आधी नगरसेवक व्हावं, थेट विधानसभा कशाला. अर्धं पटतं, गटार-कचरा-पाणी पालिकेचंच. पण ताई ज्याच्याशी भांडतायत ते दारूचं लायसन, उत्पादन शुल्क खातं, गुटखाबंदी, सगळं राज्याकडे. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, आणि आमच्या भांडुपला टपरीवर मागून बघा, खालच्या खोक्यातून पुडी निघतेच!

शाळेपासून १०० यार्डात (साधारण ९१ मीटर) तंबाखू विकायची नाही हा २००३ चा केंद्राचा कायदा, मलासुद्धा ताईंकडूनच कळला. पालकसभेला त्या आमच्यासारख्याच पालक म्हणून आलेल्या, भाषण वगैरे काही नाही, पिशवीतून सुताराची पाच मीटरची टेप काढली, स्वतःच्या आठवीतल्या पोराला एक टोक धरायला लावलं (पोरगा लाजून लाल) नि आम्हाला सगळ्यांना गेटबाहेर नेलं. सहा वेळा टेप सरकवली की टपरी आली, म्हणजे जेमतेम तीस मीटरवर.

आता अपक्ष म्हणजे डिपॉझिट वाचवायलाच एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, अवघड आहे, मान्य. पण अपक्षाला मतदारसंघातलेच १० सूचक (उमेदवारी अर्जावर सही करणारे मतदार) लागतात ना, ते एका संध्याकाळी मिळाले. त्यातला एक मी.