भावना द्यायच्या, मग बटण बंद कोण करणार?

जुनेखोड: काल इथे एकाने लिहिलं, ‘रोबोंना भावना दिल्या की ते आपल्याशी मायेने वागतील.’ वाचून राहवलं नाही. भावना म्हणजे नुसती माया का? भीती आली, दुःख आलं. ज्याला खरंच भीती वाटते त्याचं बटण दाबणं म्हणजे काय, याचा विचार झालाय? आणि आत काहीच नसेल, नुसता चेहराच हसरा असेल, तर ती फसवणूक.

निरुपमा: फसवतं कोण? १९६६ चा ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा संगणक-प्रोग्राम समोरच्याचंच वाक्य उलटवून विचारायचा. तरी तो लिहिणाऱ्या वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितलं. माणूस आपणहून जीव लावतो.

जुनेखोड: ते बघून वायझेनबाउम हादरला, पुढे या प्रकाराविरुद्ध लिहीत राहिला. ते का गाळलंत?

निरुपमा: गाळलं नाही. माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता, मला ओळखायची नाही. ती ज्या संस्थेत होती तिथे पारो होता, ते सीलच्या पिल्लासारखं जपानी रोबो-खेळणं. कुरवाळलं की मान वळवायचं. ती त्याच्याशी तासन्‌तास बोलायची. तो दिलासा खोटा होता?

काजवा: ताई, राग मानू नका. माझ्या वडिलांच्या संस्थेत असलंच एक यंत्र आलं आणि दुपारच्या दोन बायांपैकी एक कमी केली. ‘आता त्यांना सोबत आहे ना,’ असं तोंडावर सांगितलं.

निरुपमा: मग संस्थेशी भांडा! मी रोज जायचे, मला कशाला ऐकवता?

काजवा: तुम्हाला नाही. मीच आठवड्यातून एकदा जायचो. वडील विचारायचे, ‘मी गेल्यावर याचं कोण बघेल?’

तारयंत्र: मूळ मुद्द्यावर या. मी याच कामात आहे. एमआयटीच्या किस्मेट या हावभाव करणाऱ्या रोबोपासून गाभा तोच: आत उत्तेजना, आवड-नावड यांचे आकडे. आकडा घसरला की भुवया पडतात. त्याला दुखतं म्हणणं म्हणजे थर्मामीटरलाच ताप आला म्हणणं.

जुनेखोड: आज नसेल दुखत. उद्या दुखलं तर ओळखणार कशावरून? रडका चेहरा तर तुम्ही आधीच शिकवून ठेवलाय.

तारयंत्र: ...तेवढं मान्य. चेहऱ्यावरून नाही कळणार. पण म्हणून काम थांबवा म्हणाल तर नाही.

निरुपमा: बाई कमी केली ते चूकच. पण आईचा सील मी कुणाला काढून घेऊ दिला नसता. काजवा, वडिलांना काय सांगितलंत?

काजवा: ‘मी बघेन’ म्हणालो. ते गेले त्याच संध्याकाळी यंत्र शेजारच्या खोलीत नेलं. मी काही बोललो नाही.