मदत हवी आहे: डबल ओव्हन लावला, दोन्ही एकदम चालू केले की ब्रेकर पडतो

पारिजात_सडा

नमस्कार मंडळी, पटकन मदत हवी आहे. गेल्या रविवारी स्वयंपाकघरात नवीन डबल ओव्हन बसवून घेतला, भिंतीतल्या कपाटात बसतो तो. वरचा एकटा लावला तर छान चालतो, खालचा एकटा लावला तरी छान. दोन्ही एकदम लावले की दहा-पंधरा मिनिटांत ब्रेकर पडतो. आत्तापर्यंत चार वेळा झालं.

शनिवारी दिवाळीला घरी तीस माणसं आहेत. नानकटाई, पॅटिस आणि दोन भाज्या बेक करायच्या ठरवल्यात, म्हणून तर डबल घेतला. दुकानवाले म्हणतात ओव्हन ठीक आहे, इलेक्ट्रिशियनला विचारा. इलेक्ट्रिशियन दोन आठवड्यांनंतरची तारीख देतोय. नवरा म्हणतो की ब्रेकर छोटा आहे, मोठा आणून टाकतो, वीस मिनिटांचं काम. टाकू द्यावा का? ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा, प्लीज. लवकर.

उगाच_एक

कुठला ब्रेकर? किती अँपचा? कुठल्या देशात? ओव्हन किती वॅटचा? "छान चालतो" यावरून आम्ही काय ओळखायचं?

कोथरूडकर_मावशी

अगं, आमच्याकडे हेच झालं होतं. दोन्ही ओव्हन एकाच पॉइंटवर घेतले असतील. प्रत्येकाला बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घे, चार स्क्वेअरची वायर, वीसचा एमसीबी आणि सोळा अँपचा सॉकेट. आमच्या वायरमनने आधी मिक्सरच्याच पॉइंटला एक्स्टेंशन लावून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी प्लगची पिन तपकिरी पडली आणि जळक्या बॅकेलाइटचा वास घरभर. एक्स्टेंशन अजिबात लावू नकोस हो. आणि अर्थिंग तपासून घे.

लंडनचा_पाऊस

इथे यूकेमध्ये कुकरला वेगळं सर्किट असतं, ३२ अँप, ६ एमएमची केबल आणि भिंतीवर मोठा लाल स्विच. तो स्विच आहे का तुमच्याकडे? ओव्हन १३ अँपच्या प्लगवर लावला असेल तर चूक आहे.

पारिजात_सडा

अहो प्लग नाहीये! आणि मी न्यू जर्सीत आहे, लिहायचं राहिलं वाटतं. पॅनलमध्ये दोन ब्रेकर एका दांडीने जोडलेले आहेत, दोन्हींवर ३० लिहिलंय. घर १९८८ सालचं, आम्ही तीन वर्षांपूर्वी घेतलं. आधी त्याच जागी जुना सिंगल ओव्हन होता, तेव्हा ब्रेकर कधीच पडला नाही.

बिनधास्त_बंड्या

मग सोपं आहे. तीसचा काढा, पन्नासचा टाका. आमच्याकडे मी स्वतः टाकलाय, सहा वर्षं झाली, काहीही झालेलं नाही. उगाच इलेक्ट्रिशियनला हजार डॉलर कशाला द्यायचे? मेन बंद करायचा, जुना ओढायचा, नवा दाबायचा.

तात्या_मिस्त्री

पारिजात, नवऱ्याला हार्डवेअरच्या दुकानातून परत बोलवा.

मी ह्यूस्टनला बिल्डिंग मेंटेनन्समध्ये वीस वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ब्रेकर ओव्हनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. तीस अँप गुणिले २४० व्होल्ट म्हणजे ७२०० वॅट. सिंगल ओव्हन त्यात आरामात बसतो. डबलचे दोन्ही कप्पे एकदम तापायला लागले की त्याहून जास्त ओढतात. दहा-पंधरा मिनिटांनी पडतो म्हणजे शॉर्ट नाही, शॉर्ट असता तर बटण दाबताक्षणी पडला असता. हा लोड आहे. ब्रेकरच्या आतली पट्टी हळूहळू तापते आणि मग सोडते. म्हणजे तो बिचारा चोख काम करतोय.

आता भिंतीत वायर कुठली आहे? तीसचा ब्रेकर आहे म्हणजे बहुधा दहा गेज (गेज म्हणजे वायरच्या जाडीचा आकडा, आकडा लहान तेवढी वायर जाड). दहा गेजवर पन्नासचा ब्रेकर टाकलात तर ब्रेकर पडायचा थांबेल, वायर तापायची थांबणार नाही.

मला तीन गोष्टी सांगा:
१. ओव्हनचं दार उघडलं की चौकटीच्या कडेला एक पाटी असते. तिच्यावर किलोवॅट काय लिहिलेत?
२. कपाटात ओव्हनखाली किंवा शेजारी पत्र्याचा डबा असेल, त्यात ओव्हनच्या वायरी भिंतीतल्या वायरींना जोडलेल्या असतात. ब्रेकर पाडून, ओव्हनचा दिवा आणि घड्याळ बंद झाल्याचं बघून, मग झाकण काढा. भिंतीतून किती तारा येतात, कुठल्या रंगाच्या, आणि कोणती कशाला जोडली आहे?
३. केबलच्या वरच्या आवरणावर काय छापलंय? हल्ली दहा गेजचं आवरण नारिंगी येतं, पण १९८८ च्या घरात बहुतेक केबल पांढरीच असते. तेव्हा रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा.

बिनधास्त_बंड्या

तात्या, घाबरवू नका लोकांना. सहा वर्षं, दर थँक्सगिव्हिंगला टर्की होते आमच्याकडे. काही झालं असतं तर आत्तापर्यंत कळलं नसतं का?

तात्या_मिस्त्री

नाही कळलं नसतं. भिंतीत वायर कुठे तापते हे भिंतीबाहेरून दिसत नाही. इन्सुलेशन दर वर्षी थोडं थोडं कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. तुमच्या भिंतीत आठ किंवा सहा गेज असेल तर तुमचं नशीब, आणि दहा असेल तरीही आत्तापर्यंत नशीबच. कुठली आहे ते पाहिलंय का कधी?

डब्यातली_नानकटाई

धागा वेगळा आहे, पण नानकटाईचं नाव निघालंच आहे म्हणून विचारते. माझी नेहमी पसरट होते, तडे जात नाहीत. तूप जास्त पडतं का?

कोथरूडकर_मावशी

तूप वितळलेलं घेत असशील. घट्ट तूप घे, पिठीसाखरेबरोबर हलकं होईस्तोवर फेस आणि गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव. आम्ही लहानपणी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचो. तिथे मोठ्या परातीत आपल्यासमोर मळून द्यायचे, ट्रेमध्ये नावाची चिठ्ठी ठेवायची आणि तासाभराने डबा भरून घरी. कुणाचा डबल ओव्हन नि कुणाचं काय! एकदा आमचा डबा शेजारच्यांकडे गेला आणि त्यांचा आमच्याकडे. त्यांची जास्त चांगली झाली होती, आईने परत दिलाच नाही.

उगाच_एक

ब्रेकरच्या धाग्यात तूप फेसायला आलेल्या सर्वांचं स्वागत. माझा साधा प्रश्न: तीस माणसांना दोन ओव्हन लागतातच का? वाळूच्या कढईत केक झाला नाही का आपल्या पिढीचा?

सहज_सुचलं

कुणी विचारलं नाही, तरी सांगते. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सेल्फ-क्लीन लावू नका. आत ९०० फॅरनहाइटच्या आसपास जातं, दार तासन्‌तास लॉक राहतं आणि कधी कधी आतला सेफ्टीचा फ्यूज उडून बसतो. माझा दसऱ्याच्या आदल्या रात्री उडाला. आतल्या जाळ्याही आधी बाहेर काढा, नाहीतर काळवंडतात आणि सरकेनाशा होतात. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांना घराबाहेरच ठेवा, तो धूर पक्ष्यांना सोसत नाही. आणि तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरू नका.

पारिजात_सडा

सेल्फ-क्लीन कोण लावतंय, आधी ओव्हन तर चालू दे!

तात्या, नवरा परत आलाय (ब्रेकर घेऊन. पिशवी अजून बंद आहे). पाटीवर दोन ओळी आहेत: २४० व्होल्टला ८.६ किलोवॅट, २०८ ला ६.५. कुठली धरायची? ६.५ धरली तर तीसमध्ये बसतंय की.

डबा कपाटात खाली उजवीकडे मिळाला. भिंतीतून एकच चपटी पांढरी केबल येते. तिच्यात काळी, पांढरी आणि एक उघडी तांब्याची तार. ओव्हनच्या लवचीक पाइपमधून मात्र चार आल्यात: काळी, लाल, पांढरी, हिरवी. काळीला काळी जोडली आहे, ओव्हनची लाल भिंतीतल्या पांढरीला, आणि ओव्हनची पांढरी आणि हिरवी दोन्ही त्या उघड्या तारेला, तारा जोडायच्या एकाच प्लॅस्टिकच्या टोपीत. केबलवर टॉर्च तिरका धरल्यावर १०-२ असं उठावाचं काहीतरी दिसतंय.

तात्या_मिस्त्री

ब्रेकर पाडलेलाच राहू द्या. एक ओव्हनसुद्धा लावू नका. लोडचं नंतर बोलू.

ओव्हनची पांढरी म्हणजे न्यूट्रल. दिवा, पंखा, वरचा डिजिटल बोर्ड यांना १२० व्होल्ट लागतात, तो करंट पांढऱ्या तारेतून परत जातो. तुमच्या भिंतीत न्यूट्रल आलेलाच नाही, १०-२ म्हणजे दहा गेजच्या दोन तारा आणि अर्थ. जुन्या ओव्हनला फक्त २४० लागत असणार, म्हणून दोन गरम (लाइव्ह) तारा आणि एक अर्थ एवढंच ओढलं होतं. दुकानाच्या माणसाने न्यूट्रल दिसला नाही म्हणून ते काम अर्थच्या तारेला दिलं. आता ती टोपी कधी सैल झाली तर परतीचा रस्ता तुटतो, आणि हिरवी तार त्याच टोपीत असल्यामुळे ओव्हनच्या सगळ्या पत्र्यावर १२० व्होल्ट येतात. एक हात ओव्हनच्या दाराला, दुसरा ओल्या सिंकच्या नळाला, एवढं पुरे.

पाटीवरची २४० चीच ओळ धरा, घरात तेच असतात. २०८ मोठ्या अपार्टमेंटच्या आणि व्यापारी इमारतींत येतात. ८६०० भागिले २४० म्हणजे जवळजवळ ३६ अँप. चाळीसचा ब्रेकर लागेल आणि पॅनलपासून नवीन लाइन: आठ गेज तांबं, दोन गरम, एक न्यूट्रल, एक अर्थ.

लंडनचा_पाऊस

पण मी अमेरिकेतल्या बहिणीकडे पाहिलंय, ओव्हनच्या पुस्तकातच तीन तारांची आकृती असते, पांढरी-हिरवी एकत्र. मग चूक कशी?

तात्या_मिस्त्री

चांगला प्रश्न. अमेरिकेत १९९६ च्या वायरिंग कोडपर्यंत (नियमावलीपर्यंत) रेंज (ओव्हनवाली शेगडी) आणि ओव्हनला न्यूट्रललाच अर्थ जोडायची मुभा होती, जुन्या लाइनला ती अजून आहे. पण तिसरी तार खरोखर न्यूट्रल असेल तरच. इथे तिसरी तार अर्थ आहे. आकृती तीच, तार वेगळी. बसवणाऱ्याने तारा मोजल्या, ओळखल्या नाहीत.

बिनधास्त_बंड्या

चाललाय ना पण आठवडाभर. कुणाला शॉक बसला का?

पारिजात_सडा

बंड्या, माझी पाच वर्षांची मुलगी रोज त्या दाराला लटकते. तुम्ही थांबा जरा.

तात्या, अजून एक. ओव्हनच्या खाली पत्र्याची पट्टी आणि कपाट यांच्यात बोटभर फट होती, मुंग्या जातील म्हणून यांनी ती सिलिकॉनने भरून टाकली. ते चालेल ना? आणि स्क्रू कुठे दिसत नाहीत.

तात्या_मिस्त्री

सिलिकॉन खरवडून काढा. आतला पंखा गरम हवा तिथूनच बाहेर टाकतो, फट बुजवली तर ती वर बोर्डाकडे जाते. मुंग्या २०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये राहायला येत नाहीत.

स्क्रूचं बरं झालं विचारलंत. दारं उघडून चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत भोकं दिसतील, तिथून कपाटाच्या लाकडात स्क्रू हवेत. रिकामी असतील तर दोन्ही दारं एकदम उघडू नका, मुलीला तर अजिबात जवळ जाऊ देऊ नका. हा ओव्हन सव्वाशे किलोच्या आसपास असतो, दारं खाली पडली की सगळं वजन पुढे येतं.

पारिजात_सडा

भोकं रिकामी होती. सहाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात स्क्रूची पुडी न फोडलेली सापडली.

कोथरूडकर_मावशी

बाई गं. त्या दुकानवाल्याला फोन कर आणि आत्ताच्या आत्ता झाप.

पारिजात_सडा

(दोन दिवसांनी)

सगळ्यांना सांगायचं राहिलं. दुकानाला डब्याचे आणि रिकाम्या भोकांचे फोटो पाठवले. आधी "आमचं काम फक्त जोडून देणं" असं म्हणाले, मग न्यूट्रल अर्थला जोडलाय हे लेखी विचारल्यावर मॅनेजरचा फोन आला, बसवण्याचे पैसे परत देताहेत. दुसरा इलेक्ट्रिशियन मिळाला, तो पुढच्या मंगळवारी येतोय. टाउनशिपचं परमिट तोच काढणार, बेसमेंटच्या छतातून आठ गेजची चार तारांची लाइन, चाळीसचा ब्रेकर. पॅनल तळघरातच आहे म्हणून स्वस्तात सुटलो. स्क्रू यांनी लावले, सिलिकॉन मी काढलं, नखं गेली.

शनिवारी ओव्हन बंदच राहणार. एक भाजी गॅसवर होईल, पॅटिसचे ट्रे समोरच्या घरी जाणार आहेत. नानकटाई काल रात्री मैत्रिणीकडे केली, ३५० फॅरनहाइटवर, घट्ट तुपाची, तडे गेले. मावशी, थँक्यू. पन्नासचा ब्रेकर दुकानात परत केला.

नवीन लाइन झाल्यावर ओव्हन पहिल्यांदा रिकामाच तापवायचा असतो का? कुठेतरी वाचलं.

तात्या_मिस्त्री

हो. दोन्ही कप्पे रिकामे, ४०० फॅरनहाइटवर तासभर, खिडक्या उघड्या ठेवून. कारखान्यातलं तेल आणि आतल्या इन्सुलेशनचा वास जातो. थोडा धूर दिसेल, घाबरू नका. आणि तेव्हा दोन्ही एकदमच लावा, इलेक्ट्रिशियन घरात असतानाच. तासभर ब्रेकर टिकला की त्याचे पैसे द्या.

बिनधास्त_बंड्या

तात्या, ती केबलवरची अक्षरं नेमकी कुठे असतात? दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून बघितला, मला काही दिसेना.